विक्रीप्रतिनिधीची नोकरी : घ्यावी की न घ्यावी?

(संस्थेच्या रोजगार मार्गदर्शन मेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी आम्हाला 'तरुणांपुढील रोजगाराच्या संधी' असा विषय दिला आहे. विषय मोठा आहे. त्यावर तासभर बोलता येईल, टाळ्याही मिळतील, पण घरी जाताना तुमच्या हाती काही लागणार नाही. म्हणून आज आम्ही एकाच नोकरीबद्दल बोलणार आहोत. वैद्यकीय उपकरणे विकणाऱ्या कंपनीतील विक्रीप्रतिनिधीची नोकरी. ती घ्यावी की घेऊ नये, हा प्रश्न गेल्या वर्षी आमच्या घरातच उभा राहिला होता.

आमच्या धाकट्या बहिणीचा मुलगा बी.एस्सी. झाला, नंतर त्याने डी.एम.एल.टी. केले आणि एका ग्रामीण रुग्णालयात कंत्राटी तंत्रज्ञ म्हणून लागला. पगार सतरा हजार. अकरा महिन्यांचा करार, मग एक दिवसाचा खंड, मग पुन्हा करार. असे चार वेळा झाले. एके दिवशी तो संध्याकाळी आमच्याकडे आला आणि मोबाइलवर एक पत्र दाखवले. रक्ततपासणीची यंत्रे विकणारी कंपनी त्याला चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन जिल्हे देत होती. पत्रात लिहिले होते, 'महिन्याला पस्तीस हजार रुपयांपर्यंत.'

"मामा, का करू सांगा जी," तो म्हणाला. "आई नको म्हणते. पोरं म्हणतात, घेऊन टाक."

बहिणीचे म्हणणेही खोटे नव्हते. आपल्या समाजात नोकरी म्हटली की ती सरकारी, नाहीतर कोळसा खाणीतली, वीज केंद्रातली, भद्रावतीच्या आयुध निर्माणीतली. आमच्या पिढीची घरे त्या पगारांवर उभी राहिली, मुले त्या पगारांवर शिकली. पण त्या जागा आता पूर्वीसारख्या निघत नाहीत. निघाल्या तर कंत्राटदारामार्फत निघतात. खासगी कंपनीत आरक्षण नाही. तेव्हा आपल्या मुलांना या दारांतून आत जावेच लागणार आहे. प्रश्न एवढाच की डोळे उघडे ठेवून जायचे की मिटून.

आम्ही तीस वर्षांहून अधिक काळ सरकारी रुग्णालयांच्या प्रयोगशाळांत काम केले. विक्रीप्रतिनिधी आमच्या टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसत असत. त्यामुळे ही नोकरी आम्ही केली नसली तरी जवळून पाहिली आहे. भाच्याला आम्ही म्हटले, "बस. घाई करू नको. आपण हे पत्र तीन वेळा तोलू. एकदा तुझ्या खिशाच्या बाजूने, एकदा यंत्राच्या बाजूने आणि एकदा रोग्याच्या बाजूने."

आधी खिसा.

'पस्तीस हजारांपर्यंत' यातला 'पर्यंत' हा शब्द सर्वांत महत्त्वाचा. आम्ही विचारले, निश्चित किती? निघाले बावीस हजार. बाकीचे तेरा हजार टार्गेट पूर्ण झाले तर. आणि हे बावीस हजारही हाती येणारे नव्हते. पत्रात 'सी.टी.सी.' असे लिहिले होते. म्हणजे कंपनीला तुमच्यावर येणारा एकूण खर्च. भविष्य निर्वाह निधीत तुमच्या वाट्याचे अठराशे कापले जातात आणि कंपनीच्या वाट्याचे अठराशेही या बावीस हजारांतच धरलेले असतात. उरले अठरा हजार चारशे. आज मिळतात सतरा हजार. फरक चौदाशे रुपयांचा. मित्रांनो, सी.टी.सी. आणि हाती येणारा पगार यांतला भेद न कळल्यामुळे आपली कितीतरी मुले पहिल्या पगाराच्या दिवशी तोंड पाडून बसतात. भविष्य निर्वाह निधीचा पैसा बुडत नाही, तो तुमचाच आहे. पण घरभाडे त्यातून देता येत नाही.

पुढे प्रवास. या धंद्यात 'हेडक्वार्टर', 'एक्स-स्टेशन' आणि 'आउट-स्टेशन' असे तीन प्रकार असतात. हेडक्वार्टर म्हणजे तुमचे गाव. एक्स-स्टेशन म्हणजे सकाळी जाऊन संध्याकाळी परत यायचे ठिकाण. आउट-स्टेशन म्हणजे मुक्काम. प्रत्येकाचा भत्ता वेगळा. आता नकाशा डोळ्यांपुढे आणा. चंद्रपूरहून मूल, सावली करत गडचिरोली ८० किलोमीटरच्या आसपास. गडचिरोलीहून आष्टी, आलापल्ली करत भामरागड आणखी पावणेदोनशे किलोमीटर. सिरोंचा तर तेलंगणाच्या काठावर. रेल्वेचे म्हणाल तर गडचिरोली जिल्ह्यात ती वडसा-देसाईगंजला लागते. पावसाळ्यात पर्लकोटा चढली की भामरागडचा रस्ता बंद. मुंबई-पुण्यात बसून ज्याने हे दोन जिल्हे एकाच माणसाला दिले, त्याच्या लेखी हा सारा एकच हिरवा ठिपका असतो.

आम्ही कागदावर हिशेब मांडला. महिन्यात २२ दिवस फिरती, दिवसाला सरासरी १२० किलोमीटर धरले तर २,६४० किलोमीटर होतात. मोटारसायकल लिटरला ५० किलोमीटर देते असे धरले तर जवळपास ५३ लिटर पेट्रोल. १०५ रुपये भाव धरला तर साडेपाच हजारांवर खर्च. टायर, ऑइल, दुरुस्ती निराळी. कंपनीचा प्रवासभत्ता महिन्याला तीन हजार ठरलेला असेल तर पगारवाढ तर सोडाच, आपण पदरचे घालून कंपनीचा माल फिरवू. म्हणून भत्ता ठोक रकमेने आहे की किलोमीटरवर, हे विचारल्याशिवाय सही करायची नाही. आणखी एक गोष्ट हिशेबात येत नाही. मूल, सिंदेवाही, ब्रह्मपुरी या पट्ट्यात वाघ आहे. दिवेलागणीनंतर जंगलातून दुचाकी काढायची नाही, मग साहेबांचा कितीही फोन येवो. मुक्कामाचा भत्ता लेखी मागायचा तो यासाठी.

तिसरी गोष्ट वसुली. खासगी प्रयोगशाळा दोन-दोन, तीन-तीन महिन्यांच्या उधारीवर माल घेतात. सरकारी बिल अनुदान आल्यावर निघते. भाच्याच्या पत्रात बारीक अक्षरात एक ओळ होती. नव्वद दिवसांवरील थकबाकी प्रतिनिधीच्या देय रकमेतून वळती करण्यात येईल. म्हणजे डॉक्टरांनी पैसे थकवले तर दंड याला! ती ओळ वाचून बहिणीने डोक्याला हात लावला.

कायदा काय म्हणतो, तेही सांगतो. विक्री संवर्धन कर्मचाऱ्यांसाठी १९७६ साली स्वतंत्र कायदा झाला. तो आधी औषध उद्योगापुरता होता. २०११ मध्ये शस्त्रक्रियेची उपकरणे, कृत्रिम अवयव आणि रोगनिदान साहित्य यांच्या विक्रीलाही तो लागू करण्यात आला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या आणि त्या जुन्या कायद्याची जागा त्यांनी घेतली. त्यांतही प्रत्येक कर्मचाऱ्याला नेमणूकपत्र देणे बंधनकारक आहे. तेव्हा 'आधी कामाला लागा, पत्र मागून येईल' असे कोणी म्हणाले तर त्याला नमस्कार करून उठावे.

आता यंत्राची बाजू. इथे आम्ही आमचा स्वतःचा अनुभव सांगतो.

सेवेत असताना एका रुग्णालयात आमच्याकडे रक्तपेशी मोजणारे स्वयंचलित यंत्र आले. महिना मार्चचा होता. अनुदान खर्च व्हायचे होते. यंत्र बसवले, नारळ फोडला, फोटो निघाला. सोबत आलेले रिएजंट तीन महिने पुरले. नंतर रिएजंट घ्यायला तरतूद नाही. ते यंत्र 'क्लोज्ड' प्रकारचे होते. म्हणजे त्याच कंपनीचे रिएजंट लागते, बाजारातले दुसरे चालत नाही. 'ओपन' यंत्रात तसे बंधन नसते. हा भेद खरेदीच्या वेळी आम्हाला कोणी सांगितला नव्हता आणि आम्हीही विचारला नव्हता. पुढे विजेच्या कमी-जास्त दाबाने यंत्रात बिघाड झाला. इंजिनिअर नागपूरला. तो येईपर्यंत पावसाळा लागला. ज्या प्रतिनिधीने यंत्र विकले होते तो सहा महिन्यांत दुसऱ्या कंपनीत गेला होता. त्याचा फोन लागेना. आम्ही यंत्रावर कापडाचे झाकण शिवून घातले. काही दिवसांनी त्यावर रजिस्टरे ठेवली जाऊ लागली. आम्ही पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली न्यूबावर चेंबर लावून पेशी मोजू लागलो. डेंग्यूच्या दिवसांत नमुने वाढले, हाताने मोजून पुरे पडेनात. प्लेटलेट मोजायला एका बाईला एस.टी.ने जिल्ह्याच्या गावी पाठवावे लागले. कडेवर लेकरू होते. यंत्र तिच्यापासून दहा पावलांवर होते.

तो प्रतिनिधी लबाड होता असे आम्ही म्हणणार नाही. त्याचे टार्गेट मार्चमध्ये पूर्ण झाले, त्याचे काम तिथे संपले. पण रोग्याचे काम त्यानंतर सुरू व्हायचे होते.

म्हणून आम्ही भाच्याला म्हटले, तू जे विकणार आहेस त्याबद्दल कंपनीला पाच प्रश्न विचार. यंत्र ओपन आहे की क्लोज्ड? रिएजंटचा एका तपासणीमागे खर्च किती? जवळचा सर्व्हिस इंजिनिअर कुठे राहतो आणि किती दिवसांत पोचतो? वॉरंटी संपल्यावर वार्षिक देखभालीचा करार कितीला आणि त्यात सुटे भाग येतात का? आणि २ ते ८ अंशांत ठेवायचे रिएजंट ४६ अंशांच्या उन्हाळ्यात आलापल्लीपर्यंत थंड कसे पोचणार? या पाच प्रश्नांची उत्तरे ज्या कंपनीकडे नाहीत, त्या कंपनीचा माल विकणारा माणूस वर्षभरात एकाही दवाखान्यात पुन्हा पाय ठेवू शकणार नाही. कारण इथे दवाखाने किती? बोटावर मोजण्याइतके. सर्व एकमेकांना ओळखतात. शहरात एक गिऱ्हाईक गेले तर दुसरे मिळते. इथे एकदा नाव गेले की गेले.

परवान्याचीही खात्री करायची. 'वैद्यकीय उपकरणे नियम, २०१७' हे १ जानेवारी २०१८ पासून अमलात आले. उपकरणांचे धोक्याप्रमाणे ए, बी, सी आणि डी असे चार वर्ग केले गेले. ए आणि बी वर्गांना १ ऑक्टोबर २०२२ पासून आणि सी व डी वर्गांना १ ऑक्टोबर २०२३ पासून परवाना सक्तीचा झाला. खोक्यावर परवाना क्रमांक आहे का, आपला स्टॉकिस्ट विक्रीसाठी नोंदणीकृत आहे का, हे प्रतिनिधीने पहिल्या आठवड्यात स्वतः पाहिले पाहिजे. उद्या तपासणी झाली तर साहेब पुण्यात असतील आणि दवाखान्यात तुम्ही.

आता तिसरी बाजू, रोग्याची. आपल्याकडे सम्यक आजीविका हा शब्द आहे. दुसऱ्याचे नुकसान न करता मिळवलेली भाकर, एवढाच त्याचा साधा अर्थ आम्ही घेतो. तो अर्थ या धंद्याला लावून पाहू.

हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवायच्या स्टेंटचे उदाहरण घ्या. लाख-सव्वा लाखाला लावले जाणारे औषधी लेपाचे स्टेंट फेब्रुवारी २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध मूल्य प्राधिकरणाने २९,६०० रुपयांवर आणले. साधे धातूचे स्टेंट ७,२६० रुपयांवर आले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गुडघ्याच्या सांध्यालाही मर्यादा बसली. नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याची किंमत ५४,७२० रुपये ठरली. मग मधला पैसा कुठे जात होता? कारखान्यापासून रोग्यापर्यंत येताना वाटेत जे जे हात होते त्यांत, आणि प्राधिकरणाच्या आकड्यांनुसार सर्वांत मोठा वाटा रुग्णालयांच्या पातळीवर. त्या साखळीत प्रतिनिधीही उभा होता. तो पैसा कुणी शेत विकून भरला होता, कुणी मंगळसूत्र गहाण ठेवून.

डॉक्टरांना भेटवस्तू, सहली, पाकिटे देणे हा त्याच साखळीचा भाग. डॉक्टरांनी ती घेऊ नयेत असा नियम २००९ पासून आहे. २०२४ मध्ये केंद्र सरकारने औषध कंपन्यांसाठी आणि पाठोपाठ सप्टेंबरमध्ये वैद्यकीय उपकरणांच्या कंपन्यांसाठी विपणनाची संहिता काढली, तिच्यातही भेटवस्तूंना मनाई आहे. तेव्हा एखादा वरिष्ठ तोंडी म्हणाला की 'डॉक्टरांचे काय ते बघून घे आणि तुझ्या प्रवासाच्या बिलात दाखव', तर समजा की सही तुमची राहणार आहे, त्याची नाही.

आणि सिकलसेल. हा आजार आपल्या भागात आदिवासी बांधवांत आहे, तसाच आपल्याही समाजात आहे. या सभागृहात असे घर क्वचितच असेल ज्याला हा शब्द माहीत नाही. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले. तपासणी वाढली, तसे तपासणीचे किटही विक्रीला आले. सोल्युबिलिटीची चाचणी ही फक्त चाळणी आहे. वाहक कोण आणि रुग्ण कोण, हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एच.पी.एल.सी. केल्याशिवाय नक्की होत नाही. विकणाऱ्याने हे सांगितले नाही आणि चाळणीच्या निकालावर एखाद्या मुलीचे लग्न मोडले, तर त्या किटच्या विक्रीचा इन्सेंटिव्ह कुणाला गोड लागेल?

इतके ऐकून भाचा म्हणाला, "म्हणजे नको म्हणता का मामा?"

नाही. आम्ही नको म्हटले नाही. कारण दुसरेही एक पारडे आहे.

याच गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने बाळाचे श्वास मोजायचे एक साधे साधन तयार केले. एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईलाही न्यूमोनिया ओळखता यावा, ही त्यामागची दृष्टी. संस्थेने गावातल्या बायकांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली. नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. उपकरण मोठे असण्यापेक्षा ते वापरणाऱ्याच्या हाताला बसणारे असावे लागते, हे जगाला या जंगलातून कळले. असे उपकरण कोणते, हे ओळखायला इथलाच माणूस लागतो. ज्याला माडिया-गोंडी चार शब्द कळतात, वीज कधी जाते हे माहीत आहे, ज्याने स्वतः सुई हातात धरली आहे.

शिवाय चंद्रपूरला २०१५ पासून आणि गडचिरोलीला २०२४ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. यंत्रे येणार आहेत. ती कोण विकणार, कोण शिकवणार, कोण दुरुस्त करणार? दर वेळी नागपूरचाच मुलगा का?

एक कडू गोष्टही सांगायला हवी. या नोकरीत डॉक्टरांच्या खोलीबाहेर तासभर उभे राहावे लागते. आत गेल्यावर काही ठिकाणी यंत्राआधी आडनाव विचारले जाते. 'कोणत्या गावचे? कोणत्या मोहल्ल्यातले?' प्रश्नाचा रोख आपल्याला कळतो. आम्ही भाच्याला म्हटले, आडनाव सरळ सांगायचे, खाली न बघता सांगायचे, आणि लगेच यंत्राबद्दल असे बोलायचे की समोरच्याने वही उघडावी.

शेवटी काय झाले ते सांगतो. भाच्याने आमच्यासमोर बसून कंपनीला पत्र लिहिले. आठ दिवसांनी उत्तर आले. थकबाकी वळती करण्याची ओळ त्यांनी काढली. प्रवासभत्ता किलोमीटरवर दिला. हेडक्वार्टर चंद्रपूर लिहून दिले. निश्चित पगार मात्र वाढवला नाही आणि इंजिनिअर नागपूरलाच राहील असे कळवले. बहिणीने दोन दिवस विचार केला आणि म्हणाली, "तीन महिन्यांचा घरखर्च बँकेत ठेव, मग जा." त्याने तशी तजवीज केली आणि राजीनामा दिला.

चौथ्या महिन्यात अहेरीकडचे एक डॉक्टर मोठे यंत्र घ्यायला तयार झाले. भाच्याने त्यांची जागा पाहिली, वीज पाहिली, दिवसाला किती नमुने येतात ते विचारले आणि म्हणाला, "सर, हे तुम्हाला परवडणार नाही. लहान घ्या." त्यांनी लहान घेतले. भाच्याचे टार्गेट चुकले आणि त्या महिन्याचा इन्सेंटिव्ह बुडाला. वरिष्ठांनी फोनवर झाडले. रात्री त्याचा आम्हाला फोन आला, "मामा, चुकलं का जी माझं?"

आम्ही म्हटले, "नाही चुकलं बाबू. पण असे महिने आणखी येतील. बँकेतले तीन महिन्यांचे पैसे मोडू नको. आणि वर्ष पुरे झाले की हे पत्र घेऊन पुन्हा ये. तिन्ही बाजूंनी पुन्हा तोलू."

तो अजून त्या नोकरीत आहे. पुढे टिकेल की सोडेल, हे आज आम्ही सांगू शकत नाही. पण लहान यंत्र घेतलेल्या त्या दवाखान्यात यंत्र रोज चालते, हे आम्ही मागच्या महिन्यात स्वतः जाऊन पाहिले. त्यावर झाकण नव्हते.

तरुण मित्रांनो, तुमच्यापैकी कुणाच्या मोबाइलवर असे पत्र आले तर नाचू नका आणि घाबरूही नका. घरातल्या जाणत्या माणसाला, नाहीतर आपल्या संस्थेच्या कार्यालयात आणून दाखवा. शिकलेली दहा माणसे इथे रविवारी बसतात. एक पत्र वाचायला आम्हाला अर्धा तास पुरतो, आणि तेवढ्याने तुमची दोन-चार वर्षे वाचू शकतात.